भोकांचा मोर, आकड्यांचा चंद्र

सोलापूरच्या पूर्व भागात जकार्डवर चालणाऱ्या यंत्रमागांच्या एखाद्या कारखान्यात पाऊल टाकलं की आधी कान बधिर होतात. धोट्यांचा खडखडाट असा असतो की माणसं एकमेकांशी खुणांनीच बोलतात. थोडं सरावलं की मान वर करून पाहावं. मागाच्या डोक्यावर एक लोखंडी सांगाडा बसवलेला असतो आणि त्याच्यावरून जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची लांबलचक माळ खाली लोंबत असते. पट्ट्या दोऱ्याने एकमेकींना शिवलेल्या, आणि प्रत्येक पट्टीवर बारीक गोल भोकं. माग चालू असताना ही माळ एकेक पट्टी पुढे सरकत राहते. खाली चादरीवर मोर उमटत असतो, पिसाऱ्यासकट. मागाजवळ उभा असलेला कामगार मात्र मोराकडे बघतही नाही. त्याची नजर कुठला धागा तुटलाय, कांडीवरचं सूत कुठे संपत आलंय, यावर खिळलेली असते.

मग मोर लक्षात कोणी ठेवलाय? त्या पुठ्ठ्याने.

कामात लक्ष लागावं म्हणून आपण वह्या घेतो, याद्या करतो, फोनमध्ये ॲप भरतो. या सगळ्या साधनांचं मूळ काम काय असतं, हे मला सोलापूरच्या या पुठ्ठ्यांइतकं स्वच्छ दुसऱ्या कशाने सांगितलेलं नाही. म्हणून हे यंत्र नीट उलगडून पाहू.

कापडात उभे धागे असतात ते ताण्याचे आणि आडवा धागा बाण्याचा. धोटा डावीकडून उजवीकडे निघाला की ताण्याचे काही धागे वर उचललेले हवेत आणि काही खाली. मधल्या फटीतून धोटा जातो. पुढच्या खेपेला वेगळे धागे वर, वेगळे खाली. साध्या कापडात एक सोडून एक उचलले तरी भागतं. मोर काढायचा असेल तर मात्र प्रत्येक फेरीला उचलायच्या धाग्यांची यादी बदलते, आणि शेकडो फेऱ्यांच्या अशा शेकडो याद्या लागतात. पूर्वी हे काम माणूस करायचा. बनारसमध्ये मागाच्या वर दोऱ्यांचं जाळं बांधलेलं असे आणि ठरलेल्या क्रमाने दोऱ्या ओढायला मदतनीस बसे. आपल्याकडे पैठणीचा विणकर पदरावरची नक्षी एकेक धागा मोजत हाताने भरतो. त्या कामाचा वेग म्हणजे माणसाच्या मोजणीचा वेग.

जकार्डमध्ये ताण्याच्या धाग्यांना दोऱ्या बांधलेल्या असतात, त्या दोऱ्या वर हुकांना अडकवलेल्या असतात आणि प्रत्येक हूक एका आडव्या सुईच्या कडीतून गेलेला असतो. सगळ्या सुयांची टोकं एका बाजूला रांगेत बाहेर डोकावतात. दर फेरीला एक पट्टी, म्हणजे एक कार्ड, या टोकांवर दाबलं जातं. समोर भोक आलं तर सुई आत शिरते, हूक जागच्या जागी उभा राहतो आणि वर जाणारी लोखंडी पाती त्याला धाग्यासकट उचलून नेते. भोक नसेल तर पुठ्ठा सुईला मागे ढकलतो, हूक पातीवरून निसटतो आणि धागा खालीच राहतो. बस, एवढंच. भोक म्हणजे वर, कोरा पुठ्ठा म्हणजे खाली. एका कार्डावर एका फेरीची पूर्ण यादी असते. माळेतलं शेवटचं कार्ड संपलं की पहिलं पुन्हा समोर येतं आणि दुसरा मोर सुरू होतो.

ही कार्डं तयार कशी होतात, ते तर पुन्हा पुन्हा पाहावंसं वाटतं. डिझाइन करणारा आधी चित्र काढतो आणि मग ते चौकटीच्या कागदावर, म्हणजे ग्राफवर, उतरवतो. इथे गोलाई चालत नाही. मोराची मान कितीही वळणदार असली तरी ती घराघरांच्या पायऱ्यांनी चढवावी लागते: दोन घरं उजवीकडे, एक वर, पुन्हा एक उजवीकडे, एक वर. घर रंगवलेलं असेल तर धागा वर, कोरं असेल तर खाली. ग्राफमधला प्रत्येक उभा स्तंभ एका हुकाचा आणि प्रत्येक आडवी ओळ एका कार्डाची. मग पंचिंग करणारा एकेक ओळ वाचत जातो. त्याच्या यंत्राचं नावच पियानो आहे, कारण समोर बोटांसाठी खटके असतात आणि खाली पायाचा दांडा. 400 हुकांच्या जकार्डात सुयांच्या आठ रांगा असतात, म्हणून कागदावरही दर आठ घरांनंतर ठळक रेघ असते. आठ घरं नजरेत घ्यायची, त्यातल्या रंगवलेल्या घरांचे खटके दाबायचे, पाय मारायचा, कार्ड एक पाऊल सरकतं. पुन्हा आठ घरं. संगणकातल्या एका बाइटमध्येही आठच बिट असतात. हा निव्वळ योगायोग आहे, त्याचं मूळ शोधायला जाऊ नये. पण पियानोसमोर बसलेल्या माणसाची बोटं आठ-आठ होय-नाही एका दमात टिपताना पाहिली की अंगावर काटा येतो.

थोडा हिशेब मांडू. समजा नक्षी 400 घरं रुंद आणि 600 ओळी उंच आहे. म्हणजे 600 कार्डं आणि 2,40,000 होय-नाही. संगणकाच्या भाषेत 30,000 बाइट. फोनवर सकाळी येणाऱ्या एका शुभेच्छेच्या चित्रात याच्या कितीतरी पट माहिती असते. पण इथला प्रत्येक होय-नाही कुणीतरी डोळ्यांनी पाहून, बोटाने दाबून घातलेला असतो. त्यात एक जरी भोक चुकून जास्तीचं पडलं, तरी यंत्र ते इमानेइतबारे विणतं. नक्षी चादरीच्या रुंदीत चारदा येत असेल तर चूकही चार जागी दिसते आणि दर 600 फेऱ्यांनी पुन्हा उगवते. चूक कुठे आहे ते मात्र नेमकं हाती लागतं: ठिपका कितव्या ओळीत आहे ते मोजायचं, तितकं कार्ड काढायचं, भोक बुजवायचं. माणसाच्या डोक्यातली चूक अशी बोट ठेवून कुठे दाखवता येते? कागदावर उतरवलेल्या कामाचा हा मोठा गुण आहे आणि त्याची पुरेशी वाखाणणी होत नाही.

आणखी एक गोष्ट घरबसल्या पाहता येते. सोलापुरी चादर उलटी करा. सुलट बाजूला लालवर पांढरी नक्षी असेल तर उलट बाजूला पांढऱ्यावर लाल दिसते, तीच नक्षी, घराला घर जुळणारी. उलट बाजूसाठी वेगळी कार्डं लागत नाहीत. जिथे एक रंग वर येतो तिथे दुसऱ्याला खाली जावंच लागतं. एकदा सगळे होय ठरले की सगळे नाही आपोआप ठरतात आणि एकाच माळेतून चादरीच्या दोन्ही बाजू सजतात.

हे काम सोलापुरात पिढ्यानपिढ्या सांभाळलं ते प्रामुख्याने पद्मशाली समाजाने. तेलंगणातून आलेली ही विणकर मंडळी घरात तेलुगू आणि बाजारात मराठी बोलतात. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना 2005-06 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातून सर्वांत आधी.

जकार्ड हे नाव आलं जोसेफ मारी जकार्ड या फ्रान्समधल्या ल्यों शहरच्या माणसाकडून. रेशमाच्या त्या शहरात त्याने 1804 च्या सुमारास हे यंत्र पुरं केलं. सगळी कल्पना त्याची एकट्याची नव्हती. त्याच शहरात बाझिल बुशोंने 1725 मध्येच भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी मागाला जोडली होती आणि तीन वर्षांनी फाल्कोंने गुंडाळीऐवजी सुटी कार्डं माळेत ओवली होती. जकार्डने हे धागे जुळवून असं यंत्र उभं केलं की एकटा विणकर नक्षीदार कापड काढू लागला. पुढे 1839 मध्ये ल्यों इथे खुद्द जकार्डचं चित्र रेशमात विणलं गेलं. त्याला सुमारे 24,000 कार्डं लागली. पाहणाऱ्यांना ते छापील चित्र वाटे. त्याची एक प्रत लंडनमध्ये चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाच्या घरी होती आणि तो पाहुण्यांना ती कौतुकाने दाखवी.

बॅबेजला मागात एवढा रस का, तर तो तेव्हा गणित करणाऱ्या यंत्राचा आराखडा करत होता आणि त्या यंत्राला काय करायचं ते सांगण्यासाठी त्याने जकार्डची कार्डंच उचलली होती. काही कार्डं कृती सांगणार, काही आकडे सांगणार. ते यंत्र पुरं झालं नाही. पण एडा लव्हलेसने 1843 मध्ये त्याच्यावर ज्या टिपा लिहिल्या, त्यात मागाची फुलंपानं आणि यंत्राचं बीजगणित शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. नंतर हर्मन हॉलरिथने 1890 च्या अमेरिकी जनगणनेत माणसांची माहिती भोकांच्या कार्डांवर भरून यंत्राने मोजली. त्याच्या कंपनीतून पुढे आयबीएम घडली. आपल्याकडे ज्यांनी 60-70 च्या दशकांत संगणक हाताळला, त्यांना 80 स्तंभांच्या कार्डांचे गठ्ठे कडेवर घेऊन यंत्राच्या खोलीकडे जाणं आठवत असेल.

इथवरची गोष्ट बऱ्याच पुस्तकांत सापडते. मला थांबवून ठेवलं ते बॅबेजच्या मूळ दुखण्याने. त्याला यंत्र हवं होतं ते आकड्यांच्या कोष्टकांसाठी. 1821 मध्ये तो आणि त्याचा मित्र जॉन हर्शेल खगोलाची हाताने केलेली गणितं ताडून पाहत होते आणि चुकांमागून चुका सापडत होत्या. समुद्रावरचे खलाशी अशाच कोष्टकांवर भरवसा ठेवून जहाज हाकत. चंद्र आज कुठे, उद्या कुठे, याची पानंच्या पानं आकडेमोड. हे वाचलं आणि मला सोलापूरचा दुसरा कागद आठवला. दाते पंचांग.

मराठी घरात ते ओळखीचं करून द्यायला नको. लक्ष्मण गोपाळ ऊर्फ नानाशास्त्री दाते यांनी सोलापुरात सुरू केलेलं हे पंचांग शंभर वर्षं ओलांडून पुढे गेलं आहे. धुंडिराजशास्त्रींनी ते वाढवलं आणि आता मोहन दाते पाहतात. गणपती कधी बसवायचा, संक्रांतीचा पुण्यकाळ केव्हा, याचं उत्तर वर्तमानपत्रं त्यांनाच विचारतात. मुहूर्तांवर कुणाचा विश्वास असो वा नसो, मी इथे त्या वहीकडे एक कामाचं साधन म्हणून पाहतेय आणि त्या दृष्टीने ती थक्क करणारी वस्तू आहे.

तिथी म्हणजे काय? आकाशात चंद्र सूर्याच्या 12 अंश पुढे गेला की एक तिथी सरते. 360 अंशांत अशा 30. ऐकायला सोपं, पण चंद्र एका वेगाने चालत नाही. कधी भराभर, कधी रेंगाळत. त्यामुळे एखादी तिथी 20 तासांत आटोपते आणि एखादी 27 तासांच्या आसपास लांबते. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची. लांबलेल्या तिथीत दोन सूर्योदय सापडले तर तीच तिथी दोन दिवस येते, आणि एकही सापडला नाही तर तिचा क्षय. त्यात सूर्योदयही गावागणिक वेगळा. सोलापूर मुंबईच्या सुमारे 3 अंश पूर्वेला आहे, म्हणून इथे सूर्य साधारण 12 मिनिटं आधी उगवतो. त्या 12 मिनिटांत एखादी तिथी संपली तर एकाच राज्यातल्या दोन शहरांचा दिवस वेगळ्या तिथीने सुरू होतो. हे सगळं वर्षभरासाठी आधीच मोजून, छापून, नववर्षाच्या पाडव्याआधी घरात आलेलं असतं.

हे गणित हलकं करण्यासाठी मराठी मुलखाने फार बुद्धी खर्च केली आहे. मुरुडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके 1442 म्हणजे 1520 मध्ये 'ग्रहलाघव' लिहिला. त्याची करामत अशी की ग्रहांची स्थानं काढताना त्रिकोणमितीतली 'ज्या', म्हणजे साइन, त्याने पूर्ण टाळली. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार येणारा गावचा जोशीही ते गणित करू शके. मग त्याने तिथींसाठी आयती कोष्टकं केली, 'तिथिचिंतामणि' नावाची. आकडा शोधायचा, जोडायचा, तिथी हातात. एका माणसाने एकदा डोकं झिजवलं आणि त्यापुढची शेकडो वर्षं हजारो माणसांचं डोकं मोकळं राहिलं. 1831 मध्ये मुंबईत गणपत कृष्णाजींनी पंचांग छापलं आणि जोश्याच्या पोथीतला आकाशाचा हिशेब घरोघरी पोचू लागला. पण जुनी कोष्टकं आता आकाशापासून घसरत चालली होती. पंचांगातलं ग्रहण आणि डोळ्यांना दिसणारं ग्रहण यांच्या वेळा जुळेनात. तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे, टिळकांचे गणिताचे गुरू, यांनी 1865 पासून नवं पंचांग काढलं आणि त्यासाठी इंग्रजांचं नॉटिकल आल्मनॅक हे खलाशांचं पंचांग आधाराला घेतलं. परंपरेच्या गाभ्यात परक्यांचा चंद्र आणायला धाडस लागतं. छत्र्यांनी ते दाखवलं, त्यावर वाद झाले, आणि आकाशाशी जुळणाऱ्या गणिताची वाट रुळली.

सोलापूरच्या पूर्व भागात या छापील आकड्यांचा कामावरचा परिणाम थेट दिसतो. नारळी पौर्णिमेला पद्मशाली समाजाच्या श्री मार्कंडेयाचा रथ निघतो. जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेचे नंदीध्वज उचलले जातात. आषाढीला जिल्ह्यातल्या पंढरपूरकडे सगळ्या वाटा वाहतात. विणकामाची ऑर्डर कधी पुरी करायची, कामगार गावी कधी जाणार, सूत कधी आणून ठेवायचं, हे सगळं त्या वहीतल्या पानांवरून आखलं जातं.

या दोन्ही कागदांत मला आवडणारी गोष्ट म्हणजे ते मध्ये बोलत नाहीत. कार्डाची माळ विणकराला हाक मारत नाही. पंचांग खिळ्याला टांगलेलं असतं, विचारलं तर सांगतं. जयंत साळगावकरांनी 1973 मध्ये 'कालनिर्णय' हे कॅलेंडर काढलं तेव्हा तारखेची ती मोठी चौकोनी घरं मराठी स्वयंपाकघराने लगेच आपल्या कामाला लावली: दुधाचा खाडा, गॅस लावल्याची तारीख, कामवाल्या बाईंची सुट्टी, धोब्याचे कपडे. खाडा म्हणजे फुली, नाहीतर कोरं घर. महिनाअखेर मोजलं की हिशेब तयार. तोपर्यंत घरातल्या बाईच्या डोक्यात तो हिशेब घोळत राहत नाही. आता हेच काम फोन करतो, आणि पंचांगाचं ॲपही त्याच फोनवर आहे. स्मरणशक्तीच्या बाबतीत तो पुठ्ठ्याच्या लाखो पट पुढे आहे. पण तिथी पाहायला फोन उघडावा आणि दहा मिनिटांनी तिथी न पाहताच तो खाली ठेवावा, हे आपण सगळेच करतो. लक्षात ठेवण्याचं ओझं त्याने घेतलं आणि त्या बदल्यात लक्षच मागितलं. हा सौदा मला मान्य नाही. माझ्या फोनचे सगळे आवाज म्हणूनच मी बंद ठेवते. बोलवीन तेव्हा त्याने यावं.

मागावरही बदल आलाच. 1983 मध्ये मिलानच्या यंत्रप्रदर्शनात बोनास या कंपनीने इलेक्ट्रॉनिक जकार्ड मांडलं. त्यात हूक धरायचा की सोडायचा हे विजेचा इशारा ठरवतो. कार्डांची माळ जाते आणि डिझाइन पेन ड्राइव्हमधून येतं. नक्षी बदलायला दिवसाचं काम होतं, ते काही मिनिटांवर आलं. पडद्यावर मात्र डिझाइन करणाऱ्यासमोर अजून चौकटीचीच घरं असतात आणि मोराची मान अजूनही पायऱ्यांनीच चढते. यंत्र कितीही बदललं तरी धागा एकतर वर जातो नाहीतर खाली राहतो.

आणि चंद्राचं काय झालं? ग्रिनिचच्या नॉटिकल आल्मनॅक कचेरीत लेस्ली जॉन कॉमरी नावाचा न्यूझीलंडचा गणिती होता. पहिल्या महायुद्धात त्याने एक पाय गमावला होता. अर्नेस्ट ब्राऊनने 1919 मध्ये चंद्राच्या गतीची नवी कोष्टकं छापली होती, इतकी बारकाईची की त्यांवरून हाताने चंद्र काढणं हे फार वेळखाऊ काम होतं. कॉमरीने 1929 च्या सुमारास हॉलरिथची यंत्रं भाड्याने आणली, ब्राऊनची कोष्टकं सुमारे पाच लाख कार्डांवर भोकांनी उतरवून घेतली आणि 1935 ते 2000 या सगळ्या वर्षांतला दुपारचा आणि मध्यरात्रीचा चंद्र यंत्राकडून बेरजा करवून काढायला सुरुवात केली. बॅबेजला शंभर वर्षांपूर्वी हवं होतं ते हेच. केरोपंतांनी 1865 मध्ये ज्या आल्मनॅकवरून मराठी पंचांग केलं, त्याच आल्मनॅकसाठी आता मागाच्या कार्डांची ही वंशज कार्डं चंद्र मोजत होती, आणि इकडे सोलापुरात नानाशास्त्र्यांचं पंचांग तेव्हा दशकभर जुनं झालेलं होतं.